खालच्या मोहल्ल्यातलं घर

दारव्ह्याच्या चौकात जीपवाला आमच्या गावाच्या नावानं ओरडत नाही. "पुनर्वसन, पुनर्वसन, चला पुनर्वसन," असं ओरडतो. गावाला नाव आहे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं आहे. पण तलाव बांधताना जुनं गाव पाण्याखाली गेलं, आम्हाला उचलून वरच्या टेकाडावर आणून बसवलं आणि तेव्हापासून हेच नाव आम्हाला चिकटलं. सुरुवातीला ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता मीच पोरांना पुढे ढकलत म्हणते, "पुनर्वसनाच्या तीन सीट."

मी नोकरी करते तिथल्या बायका उन्हाळा लागला की म्हणतात, "तुझं बरं आहे बाई, माहेरी तलाव आहे. गार वाऱ्यात सुट्ट्या जातील." या बायकांना एकदा मे महिन्यात भर दुपारी आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेऊन उभं करावं, अशी माझी फार इच्छा आहे. पाण्यावरून येणारा वारा भाताचं झाकण काढल्यावर तोंडावर येणाऱ्या वाफेसारखा असतो. त्यात मेलेल्या मासोळ्यांचा वास. कूलर लावावा तर घरातली हवा आणखी चिकट होते, बंद करावा तर जीव कासावीस. आणि तलावाचं पाणी आमचं नाहीच. ते कालव्यानं खालच्या गावांना जातं, त्यांचा गहू, त्यांचा हरभरा पिकवतं. आम्ही हापशीवर रांग लावतो आणि तलावाकडे पाहत बसतो.

तरी सुट्ट्या लागल्या की सगळे येतात. लेकी येतात, पुण्याला कंपनीत गेलेली पोरं येतात, नागपूरचे नातेवाईक येतात. एक मेचा झेंडा होतो, पोरांना बिस्किटं वाटतात, आणि त्यानंतरच्या एखाद्या रविवारी तलावातलं जेवण असतं. ते आमच्या गावचंच आहे, दुसरीकडे मी कुठे पाहिलं नाही.

मे महिन्यात पाणी मागे सरकतं आणि जुन्या गावाचा वरचा भाग उघडा पडतो. घरं उरलेली नाहीत. गाव सोडताना लोकांनी दारं, छपराचे फाटे, टिना, कवेलू, सगळं काढून नेलं होतं. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. राहिले फक्त दगडी ओटे आणि उंबऱ्याचे दगड. चिखल वाळून भेगाळला की सगळ्यांनी मिळून दिवस ठरवायचा. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या घराच्या जागेवर जायचं, राखेनं भिंतींच्या रेघा ओढायच्या, दार जिथं होतं तिथं रेघ सोडायची, आणि चूल होती त्याच जागेवर तीन दगड मांडून रोडगे करायचे. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. फोडून तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. नव्या सुनांना हिंडवून दाखवतात, इथं देव होते, इथं मोरी, इथं सासूबाई झोपायच्या. एखाद्या पोरानं राखेची रेघ ओलांडून उडी मारली तर त्याच्या पाठीत धपाटा बसतो. दारातूनच यायचं. भिंत आहे ना तिथं!

आणि एक नियम असा की ज्याची जागा पाण्याखाली आहे त्यानं दुसरीकडे चूल मांडायची नाही. त्यानं ज्याची जागा उघडी आहे त्याच्याकडे जेवायला जायचं, पाहुणा म्हणून.

माझी माय दरवर्षी पाहुणी असायची.

आमचं घर खालच्या मोहल्ल्यात, अगदी नाल्याच्या काठावर होतं. तलावात सगळ्यात आधी बुडालं ते, आणि पाणी कितीही आटलं तरी ते काही वर यायचं नाही. खालच्या मोहल्ल्यातली बाकीची घरं गाव बुडालं तेव्हाच पांगली, कोणी घाटंजीकडे गेलं, कोणी यवतमाळला. राहिलो आम्ही. मी तेव्हा दुसरीत होते. मला त्या घरातलं फारसं काही आठवत नाही, आठवतो तो फक्त ओट्याचा गार दगड आणि परसातलं सीताफळाचं झाड. त्या झाडाखाली माझा भाऊ पुरलेला होता. माझ्या आधीचा, मायचं पहिलं लेकरू. दोन-अडीच महिन्यांचा होऊन गेला. एवढ्याशा लेकराला आमच्यात जाळत नाहीत. बाबांनी परसात खड्डा केला, आणि वर सीताफळाचं रोप लावलं ते मायनं.

गाव उठलं तेव्हा माणसांचं, बैलांचं, झाडांचं सगळ्यांचं मोजमाप झालं. त्या झाडाचंही झालं. त्याच्याखाली कोण आहे हे सांगायला मायला कोणी जागाच दिली नाही, आणि तेव्हाच्या सुनांना पुरुषांच्या मध्ये बोलायची सोय नव्हती. ती गप्प राहिली. पाणी चढत गेलं. माझा धाकटा भाऊ नंतर जन्मला, वर, या पुनर्वसनात. त्याला मोठ्या भावाची गोष्ट माहीत होती, पण गोष्ट जेवढी माहीत असते तेवढीच.

मायला एकच हवं होतं. एकदा, फक्त एकदा त्या जागेवर जायचं, आपल्या चुलीवर रोडगे करायचे आणि त्या झाडाच्या जागी चपला काढून दुधाची वाटी ठेवायची. दर उन्हाळ्यात मला फोनवर तिचं पहिलं वाक्य असायचं, "शाळा उघडी पडली." मग आठवड्यानं, "मारुतीचा ओटा दिसून राह्यला." तब्येत विचारली तर उत्तर नाही. माझ्या पोरांची परीक्षा कशी गेली हेही विचारायची नाही. पाणी कुठवर आलं तेवढं सांगायची आणि फोन ठेवायची. खोटं कशाला बोलू, मला त्या अडीच महिन्यांच्या भावाचा हेवा वाटायचा. मी जिवंत होते, तासाभराच्या अंतरावर होते, आणि माझ्या मायचं सगळं लक्ष पाण्याखाली होतं.

जेवणाच्या दिवशी ती चाचीकडे जायची. चाचीचं घर वरच्या मोहल्ल्यात. तिचा नवरा पंप-मोटारी दुरुस्त करायचा, आता दारव्ह्यात मुलाचं गॅरेज आहे. माय आणि चाची एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, त्यामुळे त्यांचं एकमेकींशिवाय पान हलत नाही. लेकरू गेलं तेव्हा परसात मायला धरून बसलेली बाई ती. चाची दरवर्षी रेघेच्या दारातून बाहेर येऊन मायचा हात धरायची. "आओ वो भाभी, ही चूल तुमचीच समजा." माय रोडगे थापू लागायची, हसायची, बोलायची, पण जेवताना तोंड नाल्याकडे करून बसायची. चाचीला ते कळायचं. ती स्वतः तिच्या शेजारी तशीच बसायची.

आता यातली खरी गोम अशी की मायचं घर वर यायचं तर तलाव ठार कोरडा पडायला हवा होता. आणि तलाव कोरडा पडणं म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. पाऊस लांबला की सगळे आभाळाकडे हात जोडायचे, आणि माय पाळीवर जाऊन पाणी पाहून यायची. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. पारावर बसणाऱ्या एका शहाण्यानं भर चारचौघांत म्हटलं, "म्हातारी दुष्काळ मांगून राह्यली आपल्यावर." तो माणूस स्वतः दरवर्षी वरच्या मोहल्ल्यात आपल्या आजोबाच्या ओट्यावर मांडी ठोकून रोडगे हाणायचा. माझ्या मनात आलं होतं की त्याच्या तोंडावर जाऊन बोलावं. मायनं मला अडवलं. म्हणाली, "खोटं काय बोलला तो?"

मग ती मागत होती ते आलं. एका वर्षी पाऊस आला तसा गेला, दुसऱ्या वर्षी नावाला पडला. मार्चमध्येच तलावाची डबकी झाली. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले, बायका पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या, गुरं बाजारात नेऊन विकली गेली. पारा असा चढला की दुपारी कावळासुद्धा दिसेना. आणि एका संध्याकाळी मायचा फोन आला. आवाज इतका बारीक होता की मी घाबरले.

"आपला ओटा दिसून राह्यला," ती म्हणाली.

"नीट पाह्यलं का?"

"मी नाही वळखणार?"

आणि ती रडू लागली. गावात पाण्याचा ठणठणाट, आणि माझी माय आनंदानं रडत होती.  मी म्हटलं, "माय, जाऊ नको हं, चिखल आहे, पाय रुतेल." ती म्हणाली, वाळू दे, जेवणाच्या दिवशीच जाईन, सगळ्यांसारखी. तिला पाहुणी म्हणून जायचं नव्हतं आणि चोरूनही जायचं नव्हतं. राखेची रेघ ओढून, दारातून आत जायचं होतं.

ती कामाला लागली. रोडग्यांसाठी गहू निवडून जाडसर दळून आणला. गोवऱ्या वेगळ्या काढून ठेवल्या. आणि रोज संध्याकाळी पाळीवर जाऊन बसायची, ओट्याकडे पाहत. संध्याकाळी म्हणजे नावाला संध्याकाळ, ऊन तसंच असायचं. पुण्याहून आलेल्या आमच्याच भाऊबंदातल्या एका पोरानं पाळीवर बसलेल्या मायचा व्हिडिओ काढला, खाली गाणं टाकलं आणि लिहिलं की उन्हाळ्यानं आजीला तिचं गाव परत दिलं. लोकांना तो फार आवडला म्हणे. मायला त्याच आठवड्यात ऊन लागलं. उलट्या, ताप, डोळे पांढरे. दारव्ह्याला नेऊन सलाईन लावलं. डॉक्टरनं बजावलं, आठ दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. भावानं तिला कूलरपुढे खाटेवर टाकलं आणि दार ओढून घेतलं.

त्याच दिवसांत तलावातला गाळ काढायची मशीन आली.

गाळ फुकट होता. ज्याचा ट्रॅक्टर त्यानं भरून न्यावा, वावरात टाकावा. आमची जमीन मुरमाड, त्यावर तलावातली काळी माती म्हणजे सोनंच, हे मी नाकारत नाही. सगळे तुटून पडले. आणि गाळ सगळ्यात जाड कुठे असणार? सगळ्यात खाली. नाल्याकाठी. वरच्या मोहल्ल्यातले ओटे सोडून द्यायचे असं बैठकीत ठरलं, कारण तिथं जेवण होतं. खालच्या मोहल्ल्याचा विषय निघाला नाही. तिथं कधी कोणी जेवलंच नव्हतं.

मी जेवणाच्या आदल्या दिवशी पोरं घेऊन पोचले. माय उठून बसली होती. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत अशी चमक की मी तिला लहानपणीसुद्धा तसं पाहिलं नव्हतं. भाऊ दिवसभर घरी नव्हता. रात्री आला तो काळाकुट्ट, नखशिखान्त धुळीनं भरलेला, आणि गालातल्या गालात हसत. मी विचारलं, "कुठं होता रे?" तर म्हणाला, "उद्या मायले दाखवतो." मला वाटलं वाट साफ केली असेल, सावलीला कापड बांधलं असेल.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मायनं नवं लुगडं नेसलं होतं. डोक्यावर कणकेचं टोपलं स्वतः घेतलं, मला हात लावू दिला नाही. दुधाची बाटली तेवढी माझ्या पिशवीत होती. वरच्या मोहल्ल्यात राखेच्या रेघा पडल्या होत्या, धूर निघत होता, पोरं ओरडत होती. चाची तिच्या दारात उभी होती. तिनं मायला पाहिलं आणि पुढे आली, पण मायचा हात धरला नाही. मायच म्हणाली, "आज तुम्ही माह्याकडे जेवाले या भाभी." चाची मान खाली घालून आमच्या मागून चालू लागली. तिला माहीत होतं. सकाळीच ती खाली जाऊन आली होती.

नाल्याजवळ पोचलो तर तिथं खड्डा होता. पुरुषभर खोल, मशीनच्या दातांचे ओरखडे काठावर तसेच. ओट्याचे दगड एका बाजूला ढकललेले. एक काळा, कुजका खुंट दगडांवर आडवा पडला होता. खड्ड्याच्या तळाशी थोडं हिरवं पाणी झिरपून साचलं होतं.

भाऊ पुढे झाला. त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

"माय, काल अख्खा दिवस मशीनवाल्याच्या मागं लागलो," तो म्हणाला. "सगळे टपून होते इथल्या मातीवर. म्या म्हटलं, हे आमचं घर आहे, आमच्या घरची माती दुसऱ्याच्या वावरात नाही जाऊ देणार. एक घमेलंबी नेऊ देल्लं नाही कोणाले. पुरी आपल्या वावरात टाकली. आता आपलं घर आपल्याजवळच राहील."

 मायनं डोक्यावरचं टोपलं उतरवलं नाही.

बोलली चाची. "बेटा, हा खुंट कायचा आहे, मालूम आहे का तुले?"

"कुठल्यातरी झाडाचा."

"सीताफळाचा आहे."

भाऊ क्षणभर तसाच हसत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरून ते हसू उतरत गेलं, आणि तो खड्ड्याकडे पाहू लागला. गोष्ट त्याला माहीत होतीच. "मले वाटलं..." एवढंच म्हणाला तो. काय वाटलं ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. तो वाईट असता तर किती सोपं झालं असतं. मी त्याला शिव्या घातल्या असत्या, माहेर तोडलं असतं, मोकळी झाले असते. पण त्यानं दिवसभर उन्हात राबून, लोकांशी भांडून, मायसाठीच तिचं लेकरू उकरलं होतं. याचा राग कोणावर काढायचा?

त्या दिवशी जेवण झालं. चाचीच्याच चुलीवर. माय तिच्याकडे पाहुणी म्हणून जेवायला बसली, दरवर्षीसारखी, आणि दोन घास खाऊन उठली. या वेळी तिनं नाल्याकडे तोंड केलं नव्हतं. आजूबाजूला लोक तुपाचे हात चाटत होते आणि तलावाचा गाळ यंदा कसा सोन्यासारखा आहे याच्या गप्पा मारत होते. दूध उन्हानं नासलं. मी ते वाटेत ओतून टाकलं.

ऊन कलल्यावर ती भावाला म्हणाली, "मले वावरात ने."

मी म्हटलं, तुला डॉक्टरनं काय सांगितलं आहे? तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावानं गाडी काढली, तिला मागे बसवलं. मी मागून चालत गेले. पोचले तेव्हा दोघं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी होती. समोर आमचं सगळं वावर काळं झालं होतं, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. मऊ, बारीक, उन्हात सुकत आलेली माती. कुठेकुठे कवेलूचे तुकडे लाल दिसत होते. शेजारच्या वावरातला माणूस हात वर करून ओरडला की यंदा कापसाची पऱ्हाटी छातीएवढी होणार. 

मायनं सगळ्या वावरावरून नजर फिरवली. मग म्हणाली, "बाबू, त्या झाडापासची ट्राली कोणत्या अंगाले रिकामी केली?"

"माय, आता कसं सांगू. जिथं जागा भेटली तिथं टाकली."

"तरी? याद कर बरं."

"टाकली अन् मंग ब्लेड मारला न. सारखी केली." त्यानं हातानं सगळं वावर दाखवलं. "सगळ्या वावरात आहे माय. सगळीकडेच आहे."

मायनं मान हलवली. एक पाऊल पुढे टाकलं, धुऱ्याच्या अगदी कडेला, जिथून काळी माती सुरू होत होती, आणि तिथंच थांबली. आपल्या पायांकडे पाहिलं.

"मंग मी चपला कुठं काढू?" ती म्हणाली.